छत्तीसचा आकडा नक्की भांडणाचाच का?

पाटीपेन्सिल:
मुलगी तिसरीत आहे, सध्या पाढे पाठ करणं चालू आहे. परवा रात्री म्हणता म्हणता मध्येच थांबली आणि म्हणाली, आई, हा छत्तीस सारखा सारखा येतो गं. सहा सक छत्तीस, नऊ चोक छत्तीस, बारा त्रिक छत्तीस, अठरा दुणे छत्तीस. आणि लगेच पुढचा प्रश्न: छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण असं आजोबा का म्हणतात मग, हा तर सगळ्यांच्या घरी जातो!

मी पाटीवर ३६ लिहून दाखवलं, तीन आणि सहा कसे एकमेकांकडे पाठ करून बसलेत ते. तिला पटलं. मला मात्र ती रात्रभर पटलं नाही. दुसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यातली ३६ बटणं घेऊन बसलो आम्ही दोघी. सहा सहाच्या सहा ओळी, छान चौकोन झाला. मग ती मोडून तिने एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन असं लावायला घेतलं, आठव्या ओळीत आठ बसली आणि डबा रिकामा, एकही बटण उरलं नाही. मग आम्ही १६ बटणांचं केलं तर एक उरलं, २५ ची चार उरली, ४९ ची पण चार, ६४ ची तर नऊ. चौकोनही पूर्ण आणि त्रिकोणही पूर्ण हे फक्त ३६ लाच जमलं.

माझं मत असं झालंय की या आकड्यावर अन्याय झालाय. तर विचारायचं होतं, ३६ तुम्हाला अजून कुठे कुठे भेटलाय? गणितातला असो नाहीतर गोष्टीतला. आणि चौकोन-त्रिकोण दोन्ही होणारा पुढचा आकडा कुठला, मुलगी रोज विचारतेय.

अनुस्वार:
वाक्प्रचार हिंदीत आणि गुजरातीतही आहे, कारण तिन्हीकडे हे दोन अंक जवळपास सारखेच लिहितात. खरं तर इंग्रजी आकड्यांतही तिनाची पाठ सहाच्या पाठीला लागतेच, तेही आपल्याच अंकांचे वंशज, फक्त तिकडे कुणाला त्यावरून भांडण सुचलं नाही. आणि उलटा लिहिला की ६३, दोघं समोरासमोर. म्हणून पटणाऱ्या माणसांना हिंदीत त्रेसष्टचा आकडा म्हणतात. म्हणजे भांडण आकड्याचं नाही, अक्षराच्या वळणाचं आहे.

गोगलगाय:
अन्याय झालाय +१. बटणांचं आजच घरी करून बघणार.

त्रैराशिक:
पाटीपेन्सिलताई, तुमच्या लेकीने जे बटणांनी शोधलं त्याला वर्गही आणि त्रिकोणीही असलेली संख्या म्हणतात. १ सोडला (तो सगळीकडेच बसतो) तर पहिली ३६. पुढची १२२५. म्हणजे ३५ × ३५ चा चौकोन, आणि त्रिकोण लावला तर ४९ ओळी. त्यापुढची ४१,६१६, म्हणजे २०४ चा वर्ग, त्रिकोणाच्या २८८ ओळी. मध्ये एकही नाही. इतक्या दुर्मिळ आहेत या.

त्या शोधायच्या कशा हे सांगतो, फार सुंदर आहे, जरा धीर धरून वाचा. कुठल्याही त्रिकोणी संख्येला ८ ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्ग येतो. ३ घ्या, २५ येतो. ६ घ्या, ४९. १० घ्या, ८१. हे नेहमी होतं. आता आपल्याला ती संख्या स्वतःसुद्धा वर्ग हवी आहे. म्हणजे एखाद्या वर्गाची आठपट अधिक १ हाही वर्ग पाहिजे. ३६ ची आठपट २८८, अधिक १, २८९, म्हणजे १७ चा वर्ग. जमलं. या जातीच्या समीकरणांना आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणायचे, आणि ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्यांची एक युक्ती दिली, भावना नावाची. एक उत्तर हातात असलं की त्याचाच स्वतःशी विशिष्ट गुणाकार करून पुढचं उत्तर काढायचं.

एखाद्या संख्येच्या वर्गाची आठपट म्हणजे तिच्या दुपटीच्या वर्गाची दुप्पट, म्हणून दुपटीवर काम करायचं आणि शेवटी निम्मं करायचं. ३ चा वर्ग ९, २ च्या वर्गाची दुप्पट ८, फरक १. ही झाली (३, २) ही जोडी. भावनेने तिच्यापासून (१७, १२) येते: १७ चा वर्ग २८९, १२ च्या वर्गाची दुप्पट २८८, पुन्हा फरक १. बाराचं निम्मं सहा, सहाचा वर्ग आपला छत्तीस. (१७, १२) ला (३, २) शी जोडलं की (९९, ७०) मिळते, सत्तरचं निम्मं ३५ आणि ३५ चा वर्ग १२२५. (१७, १२) ला स्वतःशीच जोडलं की (५७७, ४०८), निम्मं २०४, वर्ग ४१,६१६.

आता या जोड्यांचा भागाकार करून बघा. १७ भागिले १२ म्हणजे १.४१६६. ५७७ भागिले ४०८ म्हणजे १.४१४२१५. हे दोनच्या वर्गमुळाच्या जवळ जवळ सरकत चाललंय! आणि ५७७/४०८ हीच किंमत बौधायन शुल्बसूत्रात दिली आहे, वेदीच्या चौकोनाचा कर्ण काढायला: एक, अधिक त्याचा तिसरा भाग, अधिक त्या तिसऱ्याचा चौथा भाग, वजा त्या चौथ्याचा चौतिसावा भाग. त्यातला शेवटचा तुकडा सोडून दिलात तर बरोबर १७/१२ उरतो, म्हणजे छत्तीसचीच जोडी. बटणांचा चौकोन मोडून त्रिकोण होणं आणि चौकोनाचा कर्ण काढणं ही एकच गोष्ट आहे. वर्गावर पंचवीस वर्षं शिकवलं तरी हे फळ्यावर लिहिताना माझा हात अजून थरथरतो.

गोगलगाय:
त्रैराशिक सर, तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन. आलं खरंच.

शिळंपाकं:
अजून एक. १ चा घन, २ चा घन, ३ चा घन: १ + ८ + २७ = ३६. आणि १ + २ + ३ = ६, त्याचा वर्गही ३६. हा नियम सगळीकडे चालतो, घनांची बेरीज म्हणजे साध्या बेरजेचा वर्ग, आर्यभटीयात आहे (इ.स. ४९९).

जुळ्या (दोनच्याच फरकाच्या) मूळ संख्यांची बेरीजपण, १७ + १९. आणि ओळीने चार मूळ संख्या, ५ + ७ + ११ + १३. आणि १ ते ३६ सगळ्यांची बेरीज ६६६, जो बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकात पशूचा आकडा म्हणून येतो. रूलेट या जुगाराच्या चाकावरही १ ते ३६ असतात, म्हणून कुणी कुणी त्याला सैतानाचं चाक म्हणतात.

उंबरठा:
लग्न जमवताना पत्रिकेचे ३६ गुण कसे राहिले सगळ्यांचे? ज्या आकड्याने भांडण त्याच आकड्यात पैकीच्या पैकी गुण म्हणजे राजयोग :)

त्रैराशिक:
उंबरठा, तुम्ही सहज लिहून गेलात पण तिथेच त्रिकोण लपलाय. अष्टकूट म्हणजे आठ गोष्टी बघतात. वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८. एक ते आठ बेरीज करा. बटणांच्या आठ ओळीच आहेत त्या. माझा पत्रिकेवर विश्वास नाही, पण रचनाकाराने ३६ आधी ठरवून मग गुण वाटले नाहीत हे उघड दिसतं, आठ पायऱ्या केल्या आणि बेरीज आपोआप ३६ झाली.

दीपमाळ:
अरे व्वा! मग हे पण घ्या. ज्यूंचा हनुका सण आठ रात्रींचा. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असं आठव्या रात्री आठ. एकूण दिवे ३६ (ज्या दिव्याने बाकीचे लावतात तो धरायचा नाही). यावर त्यांच्यात जुना वाद होता, हिलेलच्या पंथाचं म्हणणं एकापासून चढत जायचं आणि शम्माईच्या पंथाचं म्हणणं आठपासून उतरत यायचं. चढा नाहीतर उतरा, दिवे ३६ च. चालू पद्धत हिलेलची.

आणि त्यांच्याकडेच आणखी एक कल्पना आहे जी मला फार आवडते. दर पिढीत जगात ३६ सज्जन असतात आणि त्यांच्यामुळे जग टिकून राहतं. ३६ हा आकडा तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात येतो, पुढच्या लोककथांत ते गुप्त झाले, कुणाला माहीत नसतं ते कोण, कधी मोची कधी पाणक्या. हिब्रूत अक्षरांनाच आकड्याची किंमत असते, लामेद म्हणजे ३० आणि वाव म्हणजे ६, म्हणून अशा माणसाला लामेद-वावनिक म्हणतात. आपण ३६ म्हणजे वैर म्हणतो आणि तिकडे ३६ वर जग उभं आहे.

शंकेखोर:
वाचायला मजा येतेय पण एक बोलतो, राग मानू नका. कुठलाही लहान आकडा घ्या, शोधायला बसलात की शंभर ठिकाणी सापडतो. २४ घ्या, ४० घ्या, असाच धागा होईल. रिचर्ड गाय म्हणून गणिती होते, त्यांनी १९८८ साली याचा नियमच मांडला, लहान संख्यांचा बळकट नियम: लहान संख्यांकडे कामं फार आणि त्या संख्या मोजक्या, त्यामुळे एकच संख्या दहा ठिकाणी राबताना दिसते. योगायोगाला अर्थ चिकटवू नये इतकंच.

दीपमाळ:
शंकेखोर, पण १ ते ८ ची बेरीज दोन वेगळ्या संस्कृतींत येणं हा योगायोग असला तरी ३६ येणं हा योगायोग नाही ना? आठ पायऱ्या कुणीही, कुठेही केल्या तरी ३६ च येणार. योगायोग आठाचा आहे.

शंकेखोर:
हे मान्य. नीट मांडलंत. मग दोन ढीग करूया, ३६ जिथे यायलाच हवा होता तो एक आणि जिथे कुणीतरी निवडला तो एक.

तारांगण:
पहिल्या ढिगात माझा एक. प्राचीन इजिप्तमध्ये आकाशाचे ३६ भाग होते, त्यांना आता डेकन म्हणतात. दर दहा दिवसांनी पहाटे नवा तारकासमूह उगवताना दिसायचा, ३६ गुणिले १० म्हणजे ३६०, वर पाच दिवस जास्तीचे, झालं वर्ष. रात्री वेळ मोजायलाही हेच तारे. साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतल्या बाजूने हे तक्ते काढलेले आहेत, म्हणजे मेलेल्या माणसाला वर बघितलं की किती वाजले ते कळावं. एकेक डेकन दर रकान्यात एक घर वर सरकत जातो आणि सगळ्या तक्त्यात तिरक्या रेघा दिसतात. फोटो बघा कुठे मिळाला तर, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ते कोष्टक आहे हेच कळलं नव्हतं, विणकाम वाटलं.

चहाटळ:
दुसऱ्या ढिगात चीनची छत्तीस डावपेचांची यादी. सहा प्रकरणं, प्रत्येकात सहा डाव. आणि छत्तीसावा डाव कुठला, तर पळून जाणे :D छत्तीसचा आकडा असेल त्याच्याशी हाच डाव बरा.

तसंच त्यांच्या जुन्या कादंबरीतले १०८ वीर, त्यात ३६ आकाशाचे तारे आणि ७२ पृथ्वीचे.

निळीशाई:
जपानी चित्रकार होकुसाई यांची फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं ही चित्रमाला. नाव छत्तीस पण चित्रं ४६ आहेत, लोकांना इतकी आवडली की दहा वाढवली आणि नाव तसंच ठेवलं. जपानमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून ३६ श्रेष्ठ कवींची परंपरा होती, त्यामुळे छत्तीस म्हटलं की 'निवडक' असा भाव यायचा, म्हणून असेल.

काश्मीर शैवमतातली ३६ तत्त्वं राहिली. सांख्यांची २५ घेऊन वर ११ वाढवली, पृथ्वीपासून शिवापर्यंत. म्हणजे इथे ३६ वं तत्त्व, जिथे चढणं संपतं, ते स्वतः शिव. (शंकेखोर, हा कुठल्या ढिगात घालायचा ते तुम्ही ठरवा.)

शंकेखोर:
तिसरा ढीग करावा लागणार.

खडूफळा:
३६ चं सगळ्यात मोठं भांडण अजून कुणी लिहिलंच नाही! ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न. लिओनार्ड ऑयलर, १७८२. सहा पलटणी, प्रत्येक पलटणीतून सहा हुद्द्यांचा एकेक अधिकारी, असे ३६ जण. त्यांना ६ × ६ च्या चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत सगळ्या पलटणी एकेकदा आणि सगळे हुद्दे एकेकदा यावेत. ३ × ३ ला जमतं, ४ × ४ ला जमतं (पत्त्यांतले चार एक्के, राजे, राण्या, गुलाम घेऊन करून बघा), ५ ला जमतं. ६ ला मात्र ऑयलरलाही जमलं नाही. त्याने म्हटलं होणारच नाही, आणि पुढे जाऊन असंही म्हटलं की ६, १०, १४, १८ अशा कुठल्याच आकड्याला होणार नाही.

छत्तीसचं अशक्यपण सिद्ध व्हायला १९०१ उजाडलं. फ्रेंच गणिती गास्तों तारी यांनी सगळे प्रकार हाताने तपासले, कॉम्प्युटर नाही काही नाही. आणि पुढचं ऐका. ऑयलरचा दुसरा अंदाज, १० पासून पुढचा, तो चुकीचा आहे हे १९५९ मध्ये तिघांनी दाखवलं: राज चंद्र बोस, आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली, तिघांना ऑयलर्स स्पॉयलर्स नाव पडलं. श्रीखंडे सर पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते, २०२० मध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले. तर निकाल काय लागला, की २ × २ (ते तर दिसतंच) आणि ६ × ६ सोडलं तर प्रत्येक चौकोनाला जमतं. एकटा छत्तीसच अडून बसलाय. पाटीपेन्सिल, तुमच्या लेकीला सांगा, छत्तीस बटणं चौकोनात बसतात पण छत्तीस माणसं नाही बसत.

तारांगण:
खडूफळा, याचा पुढचा भाग २०२२ चा आहे. अधिकारी पुंज (क्वांटम) अवस्थेतले धरले, म्हणजे एकाच वेळी थोडा या पलटणीचा थोडा त्या पलटणीचा, तर ३६ चा चौकोन बसतो! आयआयटी मद्रास आणि पोलंडमधल्या क्राकूवच्या संशोधकांनी मिळून सोडवलं. आणि त्या उत्तरात सुवर्ण गुणोत्तर निघालं.

त्रैराशिक:
सुवर्ण गुणोत्तर आणि छत्तीस यांची ओळख जुनी आहे. पाच टोकांची चांदणी काढा, एका टोकाचा कोन ३६ अंश. ते टोक म्हणजे ३६, ७२, ७२ चा त्रिकोण, त्याची लांब बाजू भागिले पाया म्हणजे बरोबर सुवर्ण गुणोत्तर. भास्कराचार्यांनी ज्योत्पत्तीत ३६ अंशांच्या ज्येची (आजच्या भाषेत साइनची) नेमकी किंमत दिली आहे, वर्गमुळासकट. पुंजाच्या उत्तरातलं गुणोत्तर या कोनातून आलंय असं मी म्हणत नाही, शंकेखोर पकडतील :)

कोडंघाला:
सगळे जमलेच आहेत तर एक कोडं. दोन मित्र खूप वर्षांनी भेटतात. एक विचारतो, तुझ्या तिन्ही मुलींची वयं काय? दुसरा म्हणतो, वयांचा गुणाकार ३६ आणि बेरीज म्हणजे त्या समोरच्या घराचा नंबर. पहिला नंबर बघून येतो, विचार करतो, म्हणतो अजून काहीतरी सांग. दुसरा म्हणतो, थोरलीला पोहायला फार आवडतं. पहिला लगेच वयं सांगतो. घराचा नंबर तुम्हाला सांगितलेला नाही. सांगा.

गोगलगाय:
पोहण्याचा काय संबंध?? घराचा नंबर नसताना कसं येणार

उंबरठा:
आलं!! सगळे गुणाकार लिहून काढा. १, १, ३६ ची बेरीज ३८. १, २, १८ ची २१. १, ३, १२ ची १६. १, ४, ९ ची १४. २, ३, ६ ची ११. ३, ३, ४ ची १०. आणि १, ६, ६ ची १३, आणि २, २, ९ ची पण १३. नंबर बघूनही त्याला कळलं नाही म्हणजे नंबर १३ च असणार, तिथेच दोन पर्याय आहेत. आणि 'थोरली' एकच आहे म्हणजे सहा-सहाच्या दोघी नाहीत. २, २, ९.

कोडंघाला:
शाब्बास. आणि हे कोडं ३६ वरच का आहे, तर तीन आकड्यांचा गुणाकार सारखा आणि बेरीजही सारखी अशी जोडी सापडणारी ही सगळ्यात लहान संख्या आहे. शंकेखोरदादा, पहिल्या ढिगात घाला.

कीबोर्ड:
मी कामावर रोज ३६ वापरतो. दहा अंक आणि इंग्रजीची २६ अक्षरं मिळून ३६ चिन्हं, त्यामुळे लांबलचक नंबर छोटा करून लिहायचा असेल तर ३६ पायाची पद्धत. त्यात खुद्द छत्तीस कसा लिहितात तर १०.

मनकवडी:
मानसशास्त्रातला एक. आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रयोग छापला, दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून साधारण पाऊण तासात ३६ प्रश्न एकमेकांना विचारायला लावायचे, बारा बाराचे तीन गट, हलक्या प्रश्नांपासून खोल प्रश्नांकडे. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना जास्त जवळीक वाटली. म्हणजे छत्तीसने माणसं जोडली. मी आणि माझी बहीण, आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, आम्ही ते करून बघितले होते. सतराव्या प्रश्नाला दोघी रडलो, पुढचे विचारलेच नाहीत. आता बोलतो.

पाऊलवाट:
मनकवडी, __/\__

अनुस्वार:
मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण मनकवडींचं वाचून एक गोष्ट डोक्यात आली आणि मी ती चार वेळा कागदावर तपासली. आपण मराठीत आकडा म्हणताना एकक आधी म्हणतो. छत्तीस म्हणजे छ आणि तीस, सहा आधी, तीन नंतर. लिहिताना ३ आधी, ६ नंतर. आता जसं ऐकू येतं तसं लिहा: ६, मग ३. समोरासमोर! आणि त्रेसष्ट ऐका, आधी तीन मग साठ. जसं ऐकू येतं तसं लिहिलं तर ३६, पाठीला पाठ. म्हणजे छत्तीस लिहिला तर भांडतो आणि तोंडाने म्हटला तर बोलतो. पहिल्या प्रतिसादात मी म्हटलं होतं भांडण अक्षराच्या वळणाचं आहे, त्यात ही भर.

त्रैराशिक:
अनुस्वार, इतकी वर्षं पाढे म्हणून घेतले, हे कधी कानात शिरलं नाही. नमस्कार घ्या.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार, वही भरली. लेकीला १२२५ सांगितलं तर म्हणाली बटणं आणूया. तेवढी कुठून आणणार, म्हणून चौकटीच्या कागदाची चार पानं चिकटवली आणि ३५ × ३५ चा चौकोन आखला. दुसऱ्या कागदावर ती एक, दोन, तीन असे ठिपके देत खाली उतरत होती. बत्तिसाव्या ओळीला झोप आली. आज शाळेतून आल्यावर पुढचं केलं, एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत गेली, मग तिने स्वतःच प्रत्येक दहा ओळींची बेरीज बाजूला लिहिली. ५५, १५५, २५५, ३५५ आणि शेवटच्या नऊ ओळींची ४०५. मिळवून आला १२२५.

आता विचारतेय ४१,६१६ च्या पुढचा कुठला. त्रैराशिक सर?

त्रैराशिक:
१४,१३,७२१. चौकोन ११८९ चा, त्रिकोणाच्या ओळी १६८१. तिला म्हणावं ठिपके देऊ नकोस, पण ३६, १२२५, ३४ आणि २ हे चार आकडे घेऊन ४१,६१६ बनतो का बघ. ३४ ने कुणाला गुणायचं ते तिचं तिला शोधू दे.